पूजेआधी धावलेली स्कूटर

मंडळातल्या मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज माझ्याकडे आहे, म्हणून सकाळची गोष्ट ताजी असतानाच लिहिते.

सहा वर्षांपूर्वी नाव नोंदवलेली आमची स्कूटर काल एकदाची मिळाली. पूजेआधी ती चालवायची नाही, असं मी ह्यांना बजावलं होतं. त्यामुळे ह्यांनी ती दुकानापासून घरापर्यंत ढकलत आणली. पूजेचा मुहूर्त आज सकाळी सव्वानऊचा होता.

पावणेनऊला शेजारच्या रत्नक्का धावत आल्या. त्यांच्या कमलाचा आज मॅट्रिकचा पहिला पेपर होता आणि भरलेली बस थांब्यावर न थांबताच निघून गेली होती. पोरगी फाटकाशी रडत उभी होती.

"अण्णा, स्वल्प शाळेपर्यंत सोडता का हिला?" रत्नक्का ह्यांना म्हणाल्या. त्यांच्या कानडी वळणात स्वल्प म्हणजे जरा. हे माझ्याकडे बघत राहिले.

मीही मॅट्रिकला बसलेली आहे. ती धडधड मला ठाऊक आहे. म्हटलं, "निघा."

"आणि पूजा?"

"देव थांबेल. परीक्षेची घंटा थांबायची नाही."

"मग काल मला तीन मैल चालवलंस कशाला?" असं म्हणत ह्यांनी किक मारली.

कमला वेळेत पोचली. स्कूटर परत आली तोवर मुहूर्त टळला होता. रत्नक्का मात्र हातात मोगरा घेऊन आमच्या दारात थांबल्या होत्या. चाकांवरची धूळ मी पुसली नाही, तिच्यावरच कुंकू लावलं आणि देवाला हात जोडले.

तुमच्या घरच्या वाहनाची पहिली फेरी कुणासाठी झाली? खाली जागा सोडली आहे, लिहा.