उलटा लागलेला ट्रान्झिस्टर

साठे मॅडम ट्रान्झिस्टर हातात घेतला की आधी त्याची चपटी बाजू स्वतःकडे वळवायच्या, मग त्याचे तिन्ही पाय चिमटीने सरळ करायच्या. "आधी पाय ओळखा, मग मीटरला हात लावा," हे त्या पनवेलच्या आमच्या कॉलेजात इतकी वर्षं सांगत आल्या होत्या, की मुलं त्यांच्या पाठीमागे नक्कल करायची. मी त्यांच्याच लॅबमध्ये शिकवतो. मॅडम स्वभावाने कडक, पण डबा उघडला की पहिला घास दुसऱ्याला द्यायच्या. आता त्या निवृत्त झाल्यात.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी ट्रान्झिस्टरचा नवा लॉट आला. गेन, म्हणजे करंट किती पट वाढतो, हे मोजायचा साधा प्रयोग. सगळ्या वर्गाने दोनशेच्या आसपास लिहिलं. उरणहून येणाऱ्या करुणाने लिहिलं, सात.

"उलटा लावलास. दोन वर्षं काय शिकलीस?" मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं.

"नाय मॅडम, तुमी फळ्यावर काढलाय तसाच लावलाय. मीटर सातच दाखवतो."

"म्हणजे आम्ही सगळे चुकलो, तू तेवढी बरोबर."

वर्ग हसला. करुणा त्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

आठवड्याने मॅडमनी स्वतः मोजून पाहिलं. सहा. दुसरा घेतला, पुन्हा तेच. मग कंपनीचा कागद शोधला. नव्या लॉटचे कडेचे दोन पाय उलट क्रमाने होते, आणि फळ्यावरची आकृती जुनी. तशी जोडणी केली की ट्रान्झिस्टर उलटाच लागणार, गेन नावापुरताच येणार.

"अहो, मग दोनशे कुणाला आले?" त्यांनी मला विचारलं.

कुणालाच नाही. मुलांनी सीनियरांच्या जर्नलमधून उतरवले होते, आणि आम्ही दोघं दरवर्षी अशा जर्नलवर न तपासता सह्या करत होतो. मला मान वर करवेना.

आम्ही उरणला गेलो. करुणा ओट्यावर कोळंबी सोलत होती. आईने खुर्च्या आणल्या, पण मॅडम उभ्याच राहिल्या.

"तुझं बरोबर होतं गं. चूक माझी. मला फार लाज वाटते. वर्गासमोर माफी मागते, पण तू परत ये."

करुणा गडबडून उठली. "माफी कशाला, मॅडम? येते की मी." आणि त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाली, "मला पन समजलं आता. पुढच्या टायमाला मी पन दोनशेच लिवीन."

मॅडम मटकन खाली बसल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.