उडी मारणारा जीन आणि अक्कलकोटकडची ज्वारी

ज्वारीच्या संशोधनात वीस वर्षं काढली की माणसाकडे शोधनिबंध कमी आणि किस्से जास्त जमतात. होटगीच्या बाजूला आमच्या केंद्राचं शेत आहे. तिथं बिराजदार मॅडम शास्त्रज्ञ, अक्कलकोटकडचे मल्लप्पाकाका मजुरांचे मुकादम आणि मी, माने, मॅडमचा सहायक.

*

माझा पहिलाच आठवडा. प्लॉटमधली भेसळ काढायची होती, म्हणजे जे ताट वेगळं दिसेल ते उपटायचं. मी जोशात एक आडमाप उंच ताट उपटून बांधावर टाकलं. नेमकं त्याच ताटावर मॅडम महिनाभर डोळा ठेवून होत्या!

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “माने, वेगळं दिसेल त्याला उपटायचं ठरवलं, तर या केंद्रात माणूस शिल्लक राहणार नाही!”

*

फुलोऱ्याआधी आम्ही कणसांवर कागदी पिशव्या चढवतो, परके पराग बसू नयेत म्हणून. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईंनी विचारलं, “उनासाठी टोप्या घातल्या व्हय?”

मल्लप्पाकाका म्हणाले, “न्हाय वो! सोयरीक घरातच ठरलीया, परक्याचं तोंड बघायचं न्हाय!”

*

एकदा पांढऱ्या ज्वारीत एक कणीस निघालं, दाण्यादाण्यावर लाल पट्टे! पाहणीला आलेले साहेब म्हणाले, “कुणी रंग लावलाय हा?”

“आमी लावला असता तर सारखा लावला असता की!” काका म्हणाले.

मॅडमनी समजावलं, की जीनचा एक तुकडा एका जागेवरून उडी मारून दुसरीकडे जाऊन बसतो. रंगाच्या जीनमध्ये तो बसला, की रंग बंद; तिथून उठला, की तेवढ्या भागात लाल रंग उतरतो.

काकांनी मान डोलावली. “म्हंजे बदली व्हते त्याची. सरकारी नोकरीत हाय म्हना की!”

*

महादेवीबाई आल्या त्या कापडी पिशवीत बी घेऊन. अक्कलकोटजवळच्या गावात त्यांचं रान. म्हणाल्या, “पाऊस दडी मारतो तवा बाकीची ताटं माना टाकत्यात. जी उबी ऱ्हात्यात, त्यांचंच बी मी दर साली ठेवते.”

आम्ही ते पेरलं. एकाच पिशवीतलं बी, पण उंच, ठेंगणं, लवकर येणारं, उशिरा येणारं, सगळंच उगवलं! पाहुणे तज्ज्ञ हसले. “हे वाण नाही, जत्रा आहे!”

बाईंचा चेहरा पडला. मॅडमनी मात्र नोंदवही उचलली. त्या म्हणाल्या, “जत्रेतच आपलं माणूस शोधायचं असतं, बाई. चला!”

पुढची पाच वर्षं दोघी ओळीओळीनं हिंडल्या. चांगल्या ताटाला बाई सुतळी बांधायच्या, मॅडम नोंद करायच्या, मी पिशव्या चढवायचो. हळूहळू ओळी एकसारख्या दिसू लागल्या.

मग ते वर्ष आलं. पेरणीनंतर थेंब नाही! शेजारचे प्लॉट वाळून आडवे झाले. बाईंचा प्लॉट उभा. नुसता उभा नाही, कणसं भरलेली! मल्लप्पाकाकांनी टोपी हवेत उडवली.

निवड समितीनं वाण मंजूर केलं. हॉल भरलेला, पहिल्या रांगेत तेच हसलेले तज्ज्ञ. फॉर्म भरणाऱ्या अधिकाऱ्यानं माइकवरून विचारलं, “वाण निवडणाऱ्यांचं शिक्षण काय?”

महादेवीबाई उठल्या. पदर नीट केला.

“चौथी नापास लिवा,” त्या म्हणाल्या. “पन ज्वारी पास हाय की!”