कोरियाहून परतलेला दादा

माझा मोठा भाऊ फौजेत नायक होता. कोरियातली लढाई थांबली आणि तिथल्या युद्धकैद्यांवर पहारा द्यायला आपले जवान गेले, त्यात तोही गेला. परतल्यावर रजा घेऊन पार्ल्याला आला, तर दुसऱ्याच दिवशी शेजारचे दोन काका गॅलरीत हजर. एक अमेरिकेच्या बाजूचे, दुसरे रशिया-चीनच्या. लढाईभर पेपर वाचून दोघे रोज भांडलेले.

"आता तूच सांग रे, खरं कोण?"

"आम्ही कुणाच्याच बाजूचे नव्हतो, काका," दादा म्हणाला.

ते गेल्यावर भाजी निवडता निवडता आईने विचारलं, "काय झालंय रे? आल्यापासून धड जेवत नाहीस."

मग तो बोलला. तारेच्या आत उत्तर कोरियाचे कैदी होते. घरी जायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण आत कम्युनिस्टांच्या विरोधातल्या दांडगटांचं राज्य. जायचं नाव काढलं की मार. एक पोरसवदा कैदी दादाच्या पहाऱ्यावर तारेजवळ यायचा, उत्तरेकडे बोट करून हळूच म्हणायचा, "ओम्मा."

"म्हणजे आई. दुभाष्याला विचारलं मी."

दादाने साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, त्याने स्वतः फाटकाशी येऊन घरी जायचंय म्हणून सांगायला हवं. आपण आत शिरलो तर दंगल होईल, वर आपण बाजू घेतली असं होईल. दादाने खुणा करून त्याला फाटक दाखवलं. तो हसला, मान हलवली.

पुढे एका सकाळी आतल्यांनीच त्याला फाटकाशी आणून टाकला. मेलेला.

"स्ट्रेचरचं एक टोक मी धरलं होतं. वजनच नव्हतं गं आई त्याला."

"फाटकाकडे यायला निघाला होता का रे?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. मी खुणा करताना कुणी बघितलंही असेल."

आई म्हणाली, "त्याच्या आईला कळवलं का कुणी?"

"कोण कळवणार? मध्ये सरहद्द."

"अरे, पण..." ती पुन्हा भाजी निवडू लागली.

रजा शिल्लक असतानाच तो परत निघाला. आईने थांब म्हटलं नाही, लाडू बांधून दिले. मी स्टेशनपर्यंत गेले. लाडवांची पुरचुंडी वाटभर मीच धरली होती. गाडी आली, तेव्हा ती त्याच्या हातात दिली.