मीनाताईंचा लाल दोरा

भोकरदनच्या बाजारात शांतिलालचं हार्डवेअरचं दुकान आहे. पण रविवारी तिथं खिळे घ्यायला कोणी येत नाही, लोक धनुष्य घेऊन येतात. गावात हौशी तिरंदाजांचा एक कंपू आहे, आणि ज्याचं धनुष्य त्याच्या हाताला बसवून देण्यात शांतिलालचा हातखंडा. कोणाची मूठ कानशीनं घासून दे, कोणाची दोरी बदलून दे, सगळं अगदी बराबर. माणूस गुणी, पण मोठेपणाचा भारी भुकेला. आपलं चुकलं म्हणायची वेळ आली की तोंडाला कुलूप.

खंडेनवमीला तराजूसोबत सगळ्यांची धनुष्यंही दुकानात पुजली जातात. शांतिलाल हळदकुंकू वाहतो, प्रत्येक दोरीला लाल नाडा बांधतो. यंदा दसऱ्याच्या सकाळी नाडे कापताना त्याची कात्री हसनाबादच्या मीनाताईंच्या दोरीवर जरा जास्तच चालली. मीनाताई नर्स, ड्यूटी सांभाळून नेम धरायला शिकलेल्या. बाण दोरीला नेमका कुठं अडकवायचा, त्या खुणेचा बारीक दोरा त्यांनी लालच गुंडाळला होता. नाड्याबरोबर तोही गेला.

धनुष्याला लावायची खास मोजपट्टी घरी राहिली होती आणि मंडळी मैदानावर निघाली होती. शांतिलालनं अंदाजानं नवा दोरा गुंडाळला, गोंद लावला आणि गप्प बसला.

मैदानावर मीनाताईंचे बाण लक्ष्याच्या वरून जाऊ लागले. आपण बांधलेली खूण खाली सरकली आहे, म्हणूनच बाण वर जातोय, हे त्याला लगेच कळलं. सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर आलं भलतंच.

"ताई, तुमचा हात हलून राह्यला."

बोलणारा शांतिलाल, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. मीनाताई ओशाळून हसल्या आणि धनुष्य पिशवीत घालून निघून गेल्या. पुढच्या रविवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत.

खाई त्याला खवखवे. शांतिलालला जेवण गोड लागेना, दुकानात लाल नाड्याचं रीळ दिसलं तरी तो नजर फिरवायचा. शेवटी मोजपट्टी खिशात टाकून त्यानं हसनाबादची बस धरली.

मीनाताई अंगणात उभ्या होत्या. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून तो हनुवटीपर्यंत ओढून धरत होत्या. खांद्याला बामचा वास येत होता. त्याला पाहून त्या हरखल्या.

"बरं झालं शेठ, तुम्ही बोलल्ते. मला तर समजलंच नसतं. रोज करून राह्यले. आता बघा, हात हलत न्हाई."

हात खरंच हलत नव्हता. तो आधीही हलत नव्हता. शांतिलालला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, तुमचा हात पहिल्यापासूनच चांगला होता," तो म्हणाला. "तुमच्या खुणेचा दोरा मी कापल्ता. चूक माझी होती, अन् ती मी तुमच्यावर ढकलली."

मीनाताईंनी पट्टा सोडला. मग खांदा चोळला.

"हात हलतो, हे सगळ्यांसमोर म्हणल्ते तुम्ही. मंग हे पण तिथंच सांगा."

रविवारी त्यानं सांगितलं. नजर मातीत होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. मग मीनाताईंनी धनुष्य त्याच्या हातात दिलं. त्यानं सवयीनं दोऱ्यासाठी हात पुढं केला. पण दोरा आणि मोजपट्टी त्यांनी स्वतःकडेच ठेवली. त्यानं फक्त धरायचं होतं.

त्या वाकून दोरीवर माप घेऊ लागल्या. थोड्या वेळानं मान वर न करताच म्हणाल्या, "शेठ, जरा नीट धरा. तुमचा हात हलून राह्यला."