चूक सुशीलाताईंची नव्हती

मंडळी, मी कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो. आज सकाळी परंड्यातल्या एका छोट्या दवाखान्यात गेलो होतो. पेशंटची नोंदणी ज्यावर होते तो सर्व्हर, म्हणजे मुख्य कॉम्प्युटर, आठवडाभर सारखा बंद पडत होता. नोंदणीला सुशीलाताई बसतात, म्हणून सगळे त्यांनाच बोल लावत होते.

तपासलं तर जुन्या प्रिंटरकडून नेटवर्कवर माहितीची वेडीवाकडी पॅकेट्स येत होती. सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीममधल्या त्रुटीमुळं तसलं एक पॅकेट आलं तरी सर्व्हर बंद पडायचा आणि नोंदणी थांबायची. सिस्टीम अपडेट केली, प्रिंटर पुन्हा जोडून पाहिला. नोंदणी चालू राहिली.

"म्हंजे माझ्या हातानं न्हाय बिघडलं?" ताईंनी हळूच विचारलं.

"न्हाय ताई. तुमचा काहीच दोष नव्हता," मी सगळ्यांसमोर सांगितलं.

डॉक्टरांनी पेशंटसमोरच त्यांची माफी मागितली. ताईंनी पदरानं डोळे पुसले.

तुमच्यावर असा खोटा ठपका आला, तेव्हा कुणी माफी मागितली होती का?