रेच्यांच्या मागोमाग शिन्यांगाला

रेचे माझ्या आधी निघाले. महागावच्या बाजूच्या ज्या जीनमध्ये, म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्यात, मी अर्धं आयुष्य फिटर म्हणून काढलं, तो कापसाच्या त्या पडत्या वर्षांत बंद झाला. आधी भाव पडला, मग आवक आटली, मग हंगामात हमाल यायचे थांबले आणि शेवटी मालकांनी यंत्रं विकायला काढली. रेचे म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं. ती घेतली आफ्रिकेतल्या टांझानिया देशात राहणाऱ्या एका गुजराती शेठनं. मीच ती खोलली, प्रत्येक भागावर रंगानं खूण केली आणि लाकडी खोक्यांत भरली. खोकी ट्रकवर चढली तेव्हा शेठचा माणूस म्हणाला, "तिकडे जोडून कोण देणार? तुम्हीच चला ना."

जीनवरचा जुना हमाल देवराव तिथेच उभा होता. तो म्हणाला, "रफीकभाऊ, मशीन गेल्या तं गेल्या. तू कायले जाऊन राह्यला त्याइच्या मागं?"

 शकीला, माझी बायको, जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगी मुमताज पुसदला आपल्या घरी. मी फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, वहाँ आपका है कौन?" मी म्हणून गेलो, "यहाँ भी कौन है, बेटा?" 

विमानातून उतरलो ते दार-ए-सलाममध्ये. समुद्राकाठचं शहर, दमट हवा, नारळाची झाडं. तिथून बसनं आत, पश्चिमेकडे, शिन्यांगा नावाच्या भागात जायचं होतं. पहिला अर्धा रस्ता गुळगुळीत डांबरी. पुढे लाल मातीचा. बस धुरळ्यात शिरली की खिडकीबाहेरचं काही दिसत नसे, आणि धुरळा खाली बसला की पुन्हा तेच सपाट रान. मध्ये डोडोमाला मुक्काम करून पुन्हा दिवसभर बस. हळूहळू बाभळी दिसू लागल्या, मग गोरखचिंचेची अजस्र झाडं, आणि एकावर एक कोणीतरी रचून ठेवल्यासारख्या करड्या शिळा. मग अचानक दोन्ही बाजूंना कापूस! जमीन आमच्यासारखी काळी नाही, झाडंही बुटकी, पण बोंडं फुटलेली. इतक्या लांब येऊन ओळखीचं पहिलं काही दिसलं ते हेच. शेजारच्या माणसाला मी बोटानं दाखवलं. तो हसून म्हणाला, "पांबा" (कापूस). मीही म्हणालो, "पांबा." आमचं संभाषण तिथेच संपलं.

जीन गावाबाहेर होता. पत्र्याची मोठी शेड, मागे मला राहायला एक खोली. वीज नव्हती, सगळं डिझेलच्या जनरेटरवर. शेठ शहरात राहायचे आणि आठवड्यातून एकदा यायचे. बाकी दिवस माझ्याशी बोलणारा एकच माणूस होता, म्हातारा चौकीदार इदी. त्याला सगळे म्झे इदी म्हणत (म्झे म्हणजे आपलं म्हातारबाबा). तरुणपणी तो एका हिंदुस्थानी दुकानात कामाला होता, त्यामुळे मोडकी हिंदी बोलायचा.

पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. पाणी भरायला निघालेली एक मुलगी माझ्यासमोर गुडघ्यात किंचित वाकली आणि म्हणाली, "शिकामो." मला वाटलं, काहीतरी विकते आहे. मी हात हलवून म्हणालो, "नहीं चाहिए." ती गोंधळून उभीच राहिली. इदी पोट धरून हसला. "वो सलाम बोला! बूढ़ा आदमी को ऐसा बोलता. तुम बोलो, मराहाबा." मराहाबा! हा तर आमच्याच मरहब्याचा भाऊ. तशी तिथे पुष्कळ नाती निघाली. चहाला चाई, जगाला दुनिया, दुकानाला दुका. मात्र बाईमाणसाला मानानं 'मामा' म्हणतात हे पचायला मला वेळ लागला. शेजारच्या वस्तीची मुखिया एक रुंद खांद्यांची, मोठ्या आवाजाची बाई होती. तिला मामा रेहेमा म्हणताना पहिले काही दिवस मला माझे मिशीवाले मामू आठवायचे.

जेवण इदीच्या घरून येई. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, सोबत माठासारखी पालेभाजी, कधी सुकटीसारखी बारीक वाळकी मासळी. ताट एकच, त्यातच त्याचा हात आणि माझा. मी घरून आणलेला ठेचा त्याला दिला. त्यानं चाखला, डोळ्यांत पाणी आणलं आणि डबी परत माझ्याकडे सरकवली.

तिथे कोणी भेटलं की विचारतात, "हाबारी झा न्युंबानी?" म्हणजे घरची काय खबर? उत्तर ठरलेलं: "न्झुरी", चांगली आहे. सकाळी, दुपारी, रस्त्यावर, नळावर, सगळे मला घरची खबर विचारायचे आणि मी न्झुरी म्हणायचो. एकदा रेच्याचा रूळ बसवताना इदीनं तेच विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "म्झे, घर में कोई नहीं है." त्यानं पाना खाली ठेवला. "पोले," तो म्हणाला. दुसऱ्याच्या कुठल्याही त्रासाला, ठेच लागण्यापासून मरणापर्यंत, तिकडे हाच एक शब्द आहे. मग तो नुसता शेजारी बसून राहिला.

काम चालू असताना आम्ही दोघं आपापले देश मांडायचो. त्याच्या गावात वीज नाही. आमच्याकडे येते आणि जाते, पण तारा तरी आहेत. आमच्याकडे एसटी आडगावातही पोचते. इथे बाजाराला जायचं तर सायकल नाहीतर पाय. आमच्याकडे रेशनचं दुकान आहे, हे ऐकून त्याला नवल वाटलं. शाळेची मुलं मात्र दोन्हीकडे गणवेश घालून तशीच पळत जाताना दिसत. त्यानं विचारलं, "पानी का पंप सबका?" मी आधी हो म्हणालो. मग मला आमच्या गावातल्या वेगवेगळ्या वस्त्यांचे वेगवेगळे हातपंप आठवले. कोण कुठे भरतो, कोण कुठे भरत नाही, हे मी त्याला मोडक्या हिंदीत समजावू लागलो. त्यानं तीनदा "क्यों?" विचारलं. शेवटी मीच विषय बदलला. कापसाचा भाव कोण ठरवतो, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

एका सकाळी तो मला म्कुतानोला (गावाच्या सभेला) घेऊन गेला. गोरखचिंचेखाली सगळं गाव जमलेलं, एकीकडे बाया, एकीकडे पुरुष. समोर टेबल, त्यामागे गावाचा अध्यक्ष आणि सरकारी चिटणीस. गावात दोन खोल्यांचा दवाखाना होता; त्यात औषधं नव्हती. मामा रेहेमा उठली. तिकडे दर दहा घरांना एक मुखिया असतो आणि ही त्या दहा घरांच्या वतीनं बोलत होती. इदी माझ्या कानात सांगत होता: "वो पूछता, दवाई का पैसा आया, दवाई किधर?" दवाखान्याचा माणूस उभा राहिला, काहीतरी बोलला. लोक हसले. रेहेमानं पुन्हा विचारलं. तो घाम पुसू लागला. शेवटी चिटणिसानं सगळ्यांसमोर कबूल केलं की औषध पुढच्या गाडीनं येईल.

मी थक्क होऊन पाहत होतो. शकीलाला ताप आला तेव्हा आमच्या गावात आरोग्य उपकेंद्राची पक्की इमारत होती. पिवळा रंग, नावाची पाटी आणि दाराला कुलूप. म्हणून तिला दूरच्या शहरात एका मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे खाटा होत्या, यंत्रं होती, सलाईन होतं. मी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत असतानाच तिनं व्हरांड्यातल्या बाकड्यावर जीव सोडला. दवाखाना इथल्यापेक्षा शंभर पटीनं मोठा. पण तिथे कोणाला काही विचारता येतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या कुलपाबद्दलही मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

"तुमारा गाव में भी म्कुतानो होता?" इदीनं विचारलं.

"होता है," मी म्हणालो. "शिपाई घर को आता है, सही लेता है."

त्याला वाटलं, मी थट्टा करतो आहे.

मला इथे गोष्ट चांगल्या जागी थांबवता आली असती. पण पुढे असं झालं की ती औषधाची गाडी आलीच नाही. पाऊस लवकर सुरू झाला, रस्ता खचला, आणि त्या आठवड्यात इदीला हिवताप चढला. दवाखान्यातला माणूस हजर होता. त्यानं इदीला तपासलं, रिकामं कपाट उघडून दाखवलं. शेठना निरोप गेला. जीनचा ट्रक आला, आम्ही त्याला कापसाच्या पोत्यांमध्ये अंथरूण करून निजवलं आणि मोठ्या दवाखान्याकडे निघालो. ट्रक दोनदा चिखलात रुतला. दुसऱ्यांदा बाहेर काढून मी मागे चढलो तेव्हा त्याचे ओठ हलत होते. कलमा म्हणत होता. मी त्याच्यासोबत म्हणू लागलो. थोड्या वेळानं माझा एकट्याचा आवाज उरला.

दुसऱ्या दिवशी जनाजा उठला. इतक्या दिवसांत तिथली कुठलीही गोष्ट मला पूर्ण समजली नव्हती, पण त्या नमाजात मी रांगेत उभा राहिलो आणि एकही शब्द परका नव्हता. खांदा देऊ लागलो तेव्हा कोणी मला मागे सारलं नाही. दफन झाल्यावर मामा रेहेमाच्या दहा घरांनी लाकडं आणली, पीठ आणलं, अंगणात चटया घातल्या. माणसं येत आणि इदीच्या लेकांना "पोले" म्हणून माझ्याजवळही येत, माझा हात हातात घेऊन मलाही "पोले" म्हणत. शकीलाच्या वेळी आमच्याकडेही सगळी बिरादरी जमली होती, कोणी काही कमी केलं नव्हतं. पण तेव्हा मी कागद, गाडी, कबर यांतच फिरत राहिलो होतो. इथे मला काहीच काम नव्हतं. त्या चटईवर बसून मी वर्षभराचं रडलो. ते इदीसाठी आहे, असं सगळ्यांना वाटलं. त्याच्यासाठीही होतंच.

त्यानंतर माझ्याशी बोलणारं कोणी उरलं नाही. रेचे सुरू झाले. शेडमध्ये तोच आवाज घुमू लागला, रुईचा तोच वास, तीच धूळ. डोळे मिटले की मी महागावला असायचो आणि उघडले की कुठेच नाही. परतीच्या आधी पुन्हा म्कुतानो भरला. मी एकटाच जाऊन मागे बसलो. मामा रेहेमा उठली. ती काय बोलली ते सांगायला कानाशी आता कोणी नव्हतं. इदीचं नाव तेवढं कळलं. दवाखान्याचा माणूस उभा राहिला आणि बराच वेळ बोलला. या वेळी कोणी हसलं नाही. त्यानं काय उत्तर दिलं, ते मला आजही माहीत नाही.

गावी परतलो तेव्हा कापसाच्या वेचण्या उरकत आल्या होत्या. घराचं दार उघडलं, झाडलोट केली, मुमताजला फोन केला. लोक बघायला आले. "तिकडे लई गरिबी असन ना?" असं विचारत. मी हो म्हणायचो. "मंग आपलंच बरं," असं म्हणून ते निघून जात. त्यांना खोडून काढावं असं वाटायचं, पण काय सांगणार? तिथे विचारत होते आणि तरी माणूस गेला. इथे सगळं होतं आणि तरी माझं माणूस गेलं.

मग एक दिवस ग्रामसभेच्या सह्या घ्यायला शिपाई आला. मी म्हणालो, "सभेत येऊन करतो." तो रजिस्टर बगलेत मारून पुढच्या घराकडे वळला.

सभेच्या दिवशी पंचायतीच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या होत्या आणि मी एकटा होतो. बऱ्याच वेळानं मोटारसायकलवरून ग्रामसेवक आला. तरुण पोरगा, चार गावांचा भार, डोळे थकलेले.

"काका, तुम्ही कायले बसले इथं?"

"विचाराचं हाये. उपकेंद्राचं कुलूप कोन उघडनार?"

 तो माझ्या शेजारी सतरंजीवर बसला. "माह्याकडे चार गावं हायेत," तो म्हणाला. "एकाही गावात मले कोनी काही विचारत नाही, काका. काय सांगाचं असते, तेच इसरलो." त्यानं रजिस्टर उघडलं आणि माझा प्रश्न लिहून घेतला. पुढे ते कुलूप निघायला आणखी एक पावसाळा गेला आणि नर्सबाई आठवड्यातून एकदाच येऊ लागली, पण त्या दिवशी हे काही मला ठाऊक नव्हतं.

"सूचक, शेख रफीक," तो लिहिता लिहिता म्हणाला. "अनुमोदक कोन लिहू?"

मी हॉलभर पाहिलं. मग दाराकडून आवाज आला, "काय लिहून राह्यले जी?" रहिवासी दाखला न्यायला आलेली कांताबाई चौकटीत उभी होती. बुद्धविहाराच्या बाजूला राहणारी, आमच्या घरापासून चार गल्ल्या दूर. इतक्या वर्षांत मी तिच्याशी धड बोललोही नव्हतो. ग्रामसेवकानं तिला सांगितलं.

"माह्यं लिहा," ती म्हणाली. "माही सून त्याच कुलपासमोर बाळंत झाली."

तिचं नाव लिहून झालं. शिपायानं तिचा दाखला आणून दिला. तिनं तो घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला, चपला दाराशी काढल्या आणि आत येऊन सतरंजीवर बसली.