चूलबाईंची कुंडी

१९८६ च्या डिसेंबरातल्या एका सोमवारी, अहेरीच्या आमच्या शाळेत नव्याने सुरू होणाऱ्या अकरावीला जीवशास्त्र कोणी शिकवायचं, हे ठरलं. ते बाईंना मिळालं. मला मिळालं नाही.

विज्ञानाचे शिक्षक आम्ही दोघंच. मी नागपूरचा, पहिल्या वर्गातला बी.एस्सी. त्या चामोर्शीकडच्या, धान पिकवणाऱ्या घरातल्या, दुसऱ्या वर्गात पास झालेल्या. मुलं त्यांना चूलबाई म्हणत, कारण पान अन्न कसं तयार करतं हे त्या चुलीवरून शिकवत.

"सूर्य जाळ लावते," त्या सांगत. "त्या जाळानं पान पाण्याले फोडते. प्राणवायू बाहेर जाते, ताकद पानात राह्यते. हा पह्यला टप्पा. मंग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते अन् त्याच ताकदीवर साखर शिजवते. हा दुसरा. उरली साखर स्टार्च करून ठेवते, रात्री खाते."

"बाई, रात्री नाई शिजत का?"

"जाळच नाई तं काय शिजन बावा? निखारे घडीभर टिकते."

आमच्या दोन वर्गांमध्ये बांबूच्या तट्ट्याची भिंत होती. मी नागपूरहून आणलेला रंगीत तक्ता टांगून दोन्ही टप्प्यांतल्या प्रत्येक पायरीचं नाव सांगत असे. मुलं उतरवून घेत. पलीकडून हसू आलं की माझ्या वर्गातली डोकी तिकडे वळत. एका तासात किती वेळा वळली, ते मी मोजत असे. बाईंचं अक्षर वाईट आहे आणि त्या पायऱ्यांची नावं सांगत नाहीत, हे मी मुख्याध्यापकांच्या कानावर दोनदा घातलं. ते म्हणाले, "तक्ता छान आहे सर तुमचा."

कोणी वाद घातला की बाईंचं उत्तर ठरलेलं असे. "माले काऊन विचारता? पानाले विचारा. पान लबाड बोलत नाई."

त्या सोमवारी शिक्षणाधिकारी आम्हा दोघांचे तास पाहून अकरावी कोणाला ते ठरवणार होते. बाईंनी जास्वंदाची एक कुंडी शनिवारपासून सामानाच्या कोठीत, अंधारात ठेवली होती. अंधारातल्या पानात स्टार्च उरत नाही, आयोडीन टाकलं तर ते काळंनिळं होत नाही, हे दाखवायचं होतं. कोठीची चावी शिक्षकांच्या खोलीत खिळ्यावर असे. दार बसकं होतं, थोडं उचलून ढकलल्याशिवाय उघडत नसे. ही खुबी आम्हा दोघांनाच माहीत होती.

सोमवारी मी साडेसातला शाळेत आलो. कुंडी काढून कोठीमागे, भिंतीलगत उन्हात ठेवली. साडेदहाला परत आत नेली. शाळा अकराला भरली.

दुपारी माझा तास झाला. अधिकाऱ्यांनी तक्ता पाहिला, मान डोलावली. मग ते पलीकडे गेले. मी दारात उभा राहिलो. बाईंनी कोठीतल्या कुंडीचं पान उकळलं, स्पिरिटमध्ये हिरवा रंग उतरवला, आयोडीन टाकलं. पान काळंनिळं झालं.

"बाई, प्रयोग फसला का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

बाईंनी पान उजेडाला धरून उलटसुलट पाहिलं. "नाई साहेब. पानानं ऊन खाल्लं आहे." मग मुलांकडे वळून, "कवा खाल्लं सांगा?"

"शनिवारच्या आधी!" एकजण म्हणाला.

"तवाचं असतं तं दोन रात्री खाऊन संपलं असतं. हे ताजं आहे. आज सकाळचं."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. अधिकारी वहीत काहीतरी लिहीत होते. बाईंनी दाराकडे पाहिलं नाही.

निकाल संध्याकाळी कळला. त्या सकाळबद्दल बाईंनी मला कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुढची अडीच वर्षं तट्ट्यापलीकडून हसू येत राहिलं.

१९८९ च्या मे महिन्यात त्यांची चामोर्शीला बदली झाली. निघताना त्यांनी खिळ्यावरची चावी काढून माझ्या हातात दिली.

"दार उचलून ढकला लागते, सर," त्या म्हणाल्या. "पण तुमाले काय सांगाचं?"

त्यांची एस.टी. साडेदहाला सुटली. अकरावीचं जीवशास्त्र माझ्याकडे आलं. मी कोठी उघडली. कुंडी आत नव्हती. ती कोठीमागे, त्याच जागी, भिंतीलगत, उन्हात ठेवलेली होती. माती ओली होती.